बारा दिवसांचा रंगारी

गणिताच्या बाईंना सगळे ताळेबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण बाईंना ते माहीत होतं आणि आतून आवडतही होतं. उत्तर आलं म्हणून कुणी पेन्सिल खाली ठेवली, की बाई बाकापाशी जाऊन उभ्या राहायच्या. "ताळा केलास?" मूल मुकाट्यानं पेन्सिल उचलायचं आणि उत्तरावरून उलट चालत पहिल्या ओळीपर्यंत जायचं. घरी त्यांचा नवरा आमटीची चव घेऊन म्हणायचा, "मीठ बरोबर वाटतंय, पण ताळा करून घे एकदा."

वर्गाच्या फळ्याच्या डाव्या कडेला पिवळ्या खडूनं चार ओळी कायमच्या लिहिलेल्या असत. दिलेलं काय. काढायचं काय. कसं काढायचं. ताळा. बाकीचा फळा रोज पुसला जायचा, त्या चार ओळींना हात लावायची कुणाची छाती नव्हती.

शाब्दिक उदाहरण म्हटलं की मुलं माना टाकतात, हे बाईंनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. पुस्तकातला कुणी एक व्यापारी कुठल्याशा गावी कापड नेतो, त्याचं मुलांना काय? मग बाईंनी गल्लीतली माणसं गणितात घातली. कोपऱ्यावरचा बेकरीवाला एका घाण्यात किती पाव भाजतो, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना जिना चढायला किती वेळ लागतो आणि मध्ये किती वेळा थांबतात, नळवाल्यानं दुरुस्त केलेली टाकी किती तासांत पुन्हा गळून रिकामी होते. मुलं फळ्याकडे बघून खिदळायची आणि खिदळता खिदळता सोडवायची. नळवाला तर पालकांच्या सभेला मुलगा शाळेत नसतानाही येऊन गेला. न्हावी मात्र रुसला होता. "आमच्यात काय मोजण्यासारखं नाही का हो, बाई?"

दोन रंगारी भाऊही असेच एका सकाळी गणितात गेले.

गल्लीत रंग म्हणजे ते दोघं. थोरला आडदांड, रोलर घेऊन भिंतीवर तुटून पडणारा, तोंडानं सतत काहीतरी बडबडणारा. धाकटा शिडीच्या टोकाला, तोंडात बोटभर ब्रश धरून. भिंत आणि छत जिथं भेटतात ती कड, दारं-खिडक्यांच्या चौकटी, कोपरे, सगळं त्याच्याकडे. चिकटपट्टी न लावता तो कड काढायचा, आणि ती दोरा ताणल्यासारखी सरळ असायची. थोरल्याचं लग्न झालेलं, एक मुलगी, ती बाईंच्याच वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर. धाकटा एकटा. मागच्या खोलीत राहायचा आणि वहिनीच्या हातचं जेवायचा. भावानं आणि त्यानं कुठलंच घर कधी एकेकट्यानं रंगवलेलं नव्हतं. रोलर एकाचा, कड दुसऱ्याची, असंच ते लहानपणापासून चालत आलेलं.

बाईंनी त्या दिवशी चहाचा कप एका हातात धरून, दुसऱ्या हातानं कागदावर उदाहरण रचलं. थोरला रंगारी एक घर एकटा सहा दिवसांत रंगवतो. धाकट्याला तेच घर एकट्यानं रंगवायला बारा दिवस लागतात. दोघं मिळून किती दिवसांत रंगवतील? सहाच्या जोडीला बारा घेतला की उत्तर चार येतं, पूर्ण, कुठं शेपूट लोंबत नाही. चहा संपायच्या आत उदाहरण तयार झालं. धाकट्याला जास्त दिवस का दिले, हे बाईंना त्या वेळी कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. कुणाला तरी द्यायचेच होते. शिडीवर निवांत दिसणारा तो होता.

वर्गानं पायरी पायरीनं सोडवलं. थोरल्याचं एका दिवसाचं काम एक छेद सहा, धाकट्याचं एक छेद बारा, बेरीज तीन छेद बारा, म्हणजे एक छेद चार. चार दिवस. ताळाही झाला. थोरल्याची मुलगी लाजून आणि फुगून बसली होती. तिचे बाबा आणि काका फळ्यावर होते.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण बेकरीवाल्याचा मुलगा हुशार. त्यानं हात वर केला. "बाई, म्हणजे त्या चार दिवसांत धाकटा रंगारी फक्त तिसराच हिस्सा काम करतो."

बाईंना आनंद झाला. न विचारलेलं कुणी शोधून काढलं की त्यांना नेहमी व्हायचा. त्यांनी ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, भोवती चौकट काढली आणि मुलाला शाबासकी दिली. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "छेदतीन काका." वर्ग हसला. बाईंनाही हसू आलं. त्यांनी ते डस्टर तोंडापुढे धरून लपवलं, पण नीट लपलं नाही.

पुढे त्यांना सगळ्यात जास्त तेच हसू आठवायचं.

महिन्याभरानं इस्त्रीवालीकडे कपडे द्यायला गेल्या, तेव्हा ती पाणी शिंपडत म्हणाली, "तुमचं ते गणित भारी चाललं हो."

"कुठलं?"

"रंगाऱ्यांचं. आता कुणी बोलावलं की म्हणतात, थोरल्यालाच पाठवा, छेदतीन नको. शाळेत मांडून दाखवलंय म्हणतात, फळ्यावर." तिनं इस्त्री उभी केली. "वेगळे झाले ते. माहीत नाही तुम्हाला? धाकटा आता जेवायलासुद्धा घरी नसतो. खानावळीत जातो."

बाईंच्या हातातली कपड्यांची पिशवी जड झाली. ती तिथंच ठेवून, किती कपडे दिले ते न सांगताच त्या निघाल्या. इस्त्रीवालीनं मागून हाक मारून विचारलं, तरी त्यांना आकडा सांगता आला नाही.

थोरला त्या आठवड्यात दवाखान्याची बाहेरची खोली रंगवत होता. बाई दारात उभ्या राहिल्या. खोलीभर ताज्या रंगाचा वास होता. थोरला शिडीवर चढून छताच्या कडेला चिकटपट्टी लावत होता आणि ती त्याच्या जाड बोटांना चिकटून बसत होती.

"या बाई. हात रंगाचे आहेत, नमस्कार राहू द्या."

"मी त्या गणिताबद्दल आले." बाई म्हणाल्या. "ते खरं नव्हतं. तो बारा मी मनानं घातला होता."

थोरला शिडीवरून खाली बघू लागला. "मनानं म्हणजे?"

"सहाच्या बरोबर बारा घेतला की उत्तर पूर्ण येतं. म्हणून."

"पूर्ण येतं म्हणून."

"हो."

"दहा घेतला असता तर?"

बाईंनी सवयीनं हिशेब केला आणि मग तो केल्याची लाज वाटली. "पावणेचार."

"मग पावणेचारला काय धाड भरली होती?"

थोरला रागावलेला दिसत नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. तो खाली उतरला, शिडीच्या पायरीवर टेकला, बोटावरची पट्टी सोडवत राहिला.

"पोरीनं घरी येऊन मांडून दाखवलं," तो म्हणाला. "जेवताना. ताटाशेजारी वही ठेवून. बाबांचं एवढं, काकाचं एवढं. अगदी एकेक पायरी. तो समोरच बसला होता. मी म्हटलं, असं कसं असेल? तर म्हणाली, बघा ना बाबा, कुठं चुकलंय ते दाखवा. मला चूक सापडेना. बायको काही बोलली असती तर मी तिला गप्प केलं असतं. बायकोशी भांडता येतं, बाई. आकड्याशी कोण भांडणार?" त्यानं पट्टीची गोळी करून टाकून दिली. "मी नाही काढलं त्याला. तोच म्हणाला, दादा, तुझा खोळंबा होतो. मीही नको म्हणालो नाही. हे एवढं मात्र माझं."

"सुरुवातीलाच चूक होती," बाई म्हणाल्या. "दिलेलं काय, तिथंच."

"ते विचारायचं असतं, हे पोरीला कुठं शिकवलं होतं तुम्ही?"

बाई परत निघाल्या, तेव्हा कान तापले होते. इतकी वर्षं त्या ताळ्याच्या जिवावर मान ताठ करून चालल्या होत्या. ताळा उत्तरावरून मागे येत येत बारापाशी थांबतो. बारा कुठून आला, हे तो विचारत नाही. त्यांनीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं, की रंगाऱ्यांच्या उदाहरणातले आकडे मनाचे होते. मुलं गोंधळली. बेकरीवाल्याच्या मुलानं विचारलं, "मग खरा आकडा काय, बाई?" बाईंना माहीत नव्हता. "माहीत नाही" असं त्या म्हणाल्या, आणि वर्गाच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, की न माहीत असलेल्या आकड्यापेक्षा बारा बरा. बाराला निदान चौकट होती.

मग बाईंनी आपलं घर रंगवायला काढलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, रंग तसा बरा होता.

"अचानक?" नवऱ्यानं विचारलं.

"धाकट्याला बोलावणार आहे. एकट्याला."

नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. "पापाला रंग देणार म्हण की," तो म्हणाला, आणि बाईंचा चेहरा बघून पुढची थट्टा त्यानं गिळली.

धाकटा आला. बादली, ब्रश, घासायचे कागद, भेगांत लांबी भरायची पत्री, आणि भावाकडचा नव्हे तर नवा कोरा रोलर, अजून लेबल न काढलेला. त्यानं सामान सरकवलं, फरशीवर जुनी चादर अंथरली, भिंतीतल्या भेगा नखानं टोकरून पाहिल्या. बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या हं. घाई नाही काही."

धाकट्याचा हात भिंतीवरच थांबला.

"सावकाशच करतो मी," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलंय ना सगळ्यांना."

बाईंना धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नुसतंच गॅसकडे बघत उभ्या राहिल्या. मग चहा करून घेऊन आल्या. कप खिडकीत ठेवताना एका दमात सांगून टाकलं, की तो आकडा मनाचा होता, हिशेब सोपा जावा म्हणून घातलेला, त्यात त्याच्या कामाचा काही संबंध नव्हता.

"संबंध नव्हता?"

"नव्हता."

"म्हणजे मला बघूनसुद्धा नाही घातला." त्यानं चहाचा घोट घेतला. "बघून घातला असता तर निदान बघितलं तरी असतंत."

"माझं चुकलं."

"मनाचा का असेना, चिकटला ना. आता मुलांना दुसरा सांगा. मी करून दाखवतो. जो होईल तो सांगा."

"तसं नको. तुम्ही तुमच्या पद्धतीनं—"

"सांगाल ना?"

बाईंनी मान हलवली.

त्यानंतर तो झपाटल्यासारखा कामाला लागला. सकाळी दूध यायच्या आधी दारात हजर. दुपारी भाकरी उभ्यानं खायचा. रोलर त्याच्या हाताला बसत नव्हता. ओघळ उतरायचे, तो ते बाहीनं पुसायचा. पहिला हात नीट वाळायच्या आत दुसरा मारायचा. बाई शाळेतून आल्या की मुद्दाम भिंतींकडे न बघता आत जायच्या. आणि तरी एका संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "आज कितवा दिवस?" तर त्यांच्या तोंडून "पाचवा" असं पटकन निघालं. नको नको म्हणत त्या मोजतच होत्या. दुसऱ्या खोलीत शिडी करकरत होती. त्यानं ऐकलं असणार, कारण करकर क्षणभर थांबली आणि मग आधीपेक्षा घाईनं सुरू झाली.

छताची कड त्यानं शेवटच्या दिवशी घेतली. एरवी ज्या कामाला तो श्वास धरून बसायचा, ते त्यानं शिडी सरकवत सरकवत, लांब हात ताणून उरकलं.

"सात," बादली धुताना तो म्हणाला. हाताला फोड आले होते. "सहा करायचे होते. नाही झाले. पण सात लक्षात ठेवा."

तो गेल्यावर बाईंनी दिवा लावला आणि मान वर करून पाहिलं. कड वाकडीतिकडी झाली होती. कुठं भिंतीचा रंग छतावर चढलेला, कुठं पांढरा भाग उघडाच राहिलेला, आणि त्यांच्या टेबलाच्या बरोबर वर एका ठिकाणी ब्रश घसरून फराटा उठलेला. आयुष्यात त्यानं अशी कड काढली नसेल. बाई खुर्चीत बसल्या. वह्यांचे गठ्ठे तपासायचे होते, पण पेन उघडलं गेलं नाही.

वर्गात त्यांनी दिलेला शब्द पाळला. फळ्यावर लिहिलं, धाकटा रंगारी एक घर एकटा सात दिवसांत रंगवतो. "हा आकडा खरा आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या घरचा आहे. थोरल्याचा सहा अजून मनाचाच आहे. सोडवा."

मुलं सोडवू लागली. एक छेद सहा, एक छेद सात, बेरीज तेरा छेद बेचाळीस. मग कुरबुर सुरू झाली.

"बाई, पूर्ण येत नाहीये."

"नाही येणार."

"तीन पूर्णांक तीन छेद तेरा? असं कुठं असतं?"

"असंच लिहा."

खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी लिहीत नव्हती. तिनं हात वर केला, पण उभी राहिली नाही. "बाई, दोघं मिळून आता काम करतच नाहीत. मग उत्तर काय लिहू?"

बाईंनी खडू ठेवला. इतक्या वर्षांत मुलांसमोर त्यांचे डोळे कधी खाली गेले नव्हते, ते गेले. "तू नको लिहूस," त्या कशाबशा म्हणाल्या. "उत्तर मी द्यायचंय."

संध्याकाळी दार वाजलं. थोरला होता. अंगावर रंगाचे शिंतोडे, कामावरून सरळ आलेला.

"पोरगी म्हणते, त्यानं तुमचं घर सातात केलं. एकट्यानं."

"हो."

"बघू."

तो चपला काढून आत आला. भिंतींवर नजर टाकून पुढे सरकला. ओघळ त्यानं पाहिले असतील, पण रोलर नव्या माणसाच्या हातात असाच चालतो. मग त्यानं मान वर केली. टेबलाच्या वरच्या फराट्यापाशी तो बराच वेळ उभा राहिला.

"ही कड त्याची नाही," तो म्हणाला. "मी त्याच्या शेजारी म्हातारा झालो, बाई. डोळे झाकून काढली तरी त्याची कड अशी येत नाही. कुणी केलं हे?"

बाईंना त्याच्याकडे बघवेना.

"मी," त्या म्हणाल्या.

थोरल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. त्याला काय ते समजायला वेळ लागला नाही.

"तरीच," तो म्हणाला.

आतून नवरा पाणी घेऊन आला. थोरल्यानं उभ्यानंच पाणी पिऊन भांडं परत दिलं. चपला घालताना तो पाठमोराच बोलला. "खानावळीत असतो तो या वेळेला. जाऊन बघतो. माझ्याशी बोलेल की नाही ठाऊक नाही. आला, तर ही कड त्याला पुन्हा काढू द्या. मी खाली शिडी धरून बसेन."

"कधीही या," बाई म्हणाल्या. "किती दिव—"

आणि त्यांनी जीभ चावली.